भरतीच्या सरावाने अंग आंबले, तर स्नायूंची दुरुस्ती कशी होऊ द्यावी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की वर्धा, यवतमाळ, गडचिरोलीकडच्या गावांत पहाटेच्या डांबरी रस्त्यांवर धावणाऱ्यांची गर्दी वाढते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक एवढी तयारी थोडक्या दिवसांत करायची असते. त्यामुळे पहिल्याच पहाटे धावणे, दंड आणि शंभर-दोनशे उठाबशा एका दमात उरकल्या जातात. त्या दिवशी विशेष त्रास जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र उकिडवे बसताना मांड्या साथ देत नाहीत आणि ओट्यावरून उतरताना भिंत धरावी लागते. अशा वेळी ‘अंग मोकळे होईल’ म्हणून पुन्हा तेवढ्याच उठाबशा काढण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये.

हे दुखणे लॅक्टिक ॲसिड साचल्याने होते, असे मैदानावर अजूनही सांगितले जाते. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात त्याचे रक्तातील प्रमाण पूर्ववत होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. खरे कारण स्नायुतंतूंच्या आत झालेली सूक्ष्म इजा हे आहे. स्नायू लांबत असतानाच त्याला भार पेलावा लागला, म्हणजे उठाबशीत सावकाश खाली जाताना किंवा उतारावर पाय रोखताना, ही इजा सर्वाधिक होते. म्हणूनच चिखलदऱ्याचा घाट चढताना धाप लागते, पण नंतर मांड्या दुखतात त्या बहुधा उतरल्यामुळे. तंतूमध्ये एकापुढे एक जोडलेले, जेमतेम दोन-तीन मायक्रोमीटर लांबीचे सार्कोमिअर, म्हणजे आकुंचन पावणारे घटक, असतात. त्यांतील काही अतिताणाने विस्कटतात, पेशीचे आवरण जागोजागी झिरपू लागते, आत नको तेवढे कॅल्शियम शिरते आणि क्रिएटिन कायनेज हे विकर बाहेर पडून रक्तात मिसळते.

दुरुस्ती काही तासांतच सुरू होते. आधी न्यूट्रोफिल आणि मग मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी तेथे पोहोचून मोडतोड साफ करतात. सूज आणि ठणका याच काळातला असून तो बहुधा २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो व आठवड्याच्या आत ओसरतो. इजा मोठी असल्यास तंतूच्या कडेला निद्रिस्त असलेल्या सॅटेलाइट पेशी, ज्यांचे वर्णन ॲलेक्झांडर मौरो यांनी १९६१ मध्ये केले, जाग्या होऊन विभागतात आणि तंतूला मिळून त्याला नवी केंद्रके पुरवतात. एकदा अशी डागडुजी झाली की काही आठवड्यांनी तोच व्यायाम केल्यास इजा बरीच कमी होते, आणि हे संरक्षण थोड्या व्यायामानेही मिळते. म्हणून पहिल्या दिवशी वीस-पंचवीस उठाबशांवर थांबावे आणि पुढे दर आठवड्याला थोडी भर घालावी.

अंग आंबलेच असेल, तर त्या स्नायूंवरचा जोराचा व्यायाम दोन-तीन दिवस बंद ठेवावा, पण खाटेला खिळून राहू नये. सावकाश चालणे किंवा सायकल चालवणे चांगले. पाय दुखत असतील तर त्या दिवसांत गोळाफेकीचे तंत्र घोटावे. झोप पुरेशी घ्यावी.

आहारात साठ किलो वजनाच्या उमेदवाराला दिवसाकाठी साधारण ८५ ते ९५ ग्रॅम प्रथिने पुरतात. शेतातले सोयाबीन बाजार समितीत पोहोचवून घरातला मुलगा प्रोटीन पावडरचा डबा मागवतो, हे पाहून नवल वाटते, कारण शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने असतात. मात्र ते कच्चे खाऊ नये, भिजवून नीट शिजवावे. ज्वारीच्या भाकरीसोबत घट्ट वरण, भिजवलेला हरभरा, शेंगदाणे आणि जमत असल्यास अंडी यांतून उरलेली गरज भागते.

वेदनाशामक गोळी खाऊन धावायला जाणे ही सर्वांत वाईट सवय आहे. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो. घामाने शरीर कोरडे पडलेले असताना डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. सराव ऊन चढण्यापूर्वी संपवावा आणि पाणी थोडे थोडे पीत राहावे.

दुखणे असह्य झाले, स्नायू टणक सुजले, हातापायांतले बळ गेले किंवा लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. स्नायुपेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांत अडकल्याची ही लक्षणे असू शकतात आणि तेव्हा तातडीने शिरेवाटे सलाईन द्यावे लागते.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या वाहकाला, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेल्याला, एरवी सहसा त्रास नसतो. परंतु उन्हात, न थांबता जीव तोडून धावल्यास त्याच्या स्नायूंना अशी गंभीर इजा होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. तेव्हा सराव सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्यावी. वाहक असल्याचे कळले तरी भरतीची तयारी सोडण्याचे कारण नाही: वेग हळूहळू वाढवावा, दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी, आणि धावता धावता पाय एकाएकी ढिले पडले तर तेथेच थांबून सोबत्यांना सांगावे.