ब्याडगी, बेडगी, ब्यादगी: लुकअहेड लावून एकच मिरची कशी पकडावी

मार्च ते मे हा लालबागच्या मिरची गल्लीतला मसाल्याचा हंगाम. मिरचीला नाव मिळालं ते कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून, पण बिल करणारा प्रत्येक मुलगा ते आपापल्या कानाने लिहितो. मग यादीत असं येतं:

ब्याडगी मिरची
मिरची बेडगी देठासकट
पूड ब्यादगी मिरची
ब्याडगी मिरचीचा मसाला

यातून अख्खी मिरची तेवढी वेगळी काढायची, म्हणजे वरच्या दोन ओळी. दर हंगामात हे काम माझ्याच गळ्यात पडतं.

हे काम रेगेक्सने, म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्याने होतं, पण गूगल शीट्समध्ये ते करत बसू नका. तिथलं आरई२ नावाचं शोध-इंजिन लुकअहेड, म्हणजे जागेवरून न हलता पुढे डोकावणारा नमुन्यातला भाग, घेतच नाही, तुमचा नमुना बरोबर असला तरी चूक दाखवतं. यादी नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये न्या किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एकेक ओळ तपासा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये नमुन्यातल्या टिंबाला (म्हणजे ‘कुठलंही अक्षर’) नवी ओळही चालेल असा एक चौकोन असतो, त्यावरची खूण काढा. नाहीतर खालच्या ओळीतली मिरची वरच्या ओळीच्या नावावर जमा होते.

नावाची रूपं उभ्या रेघेने जोडा:

(?:ब्याडगी|बेडगी|ब्यादगी)

शब्द मागेपुढे होतात म्हणून हव्या त्या प्रत्येक शब्दाला (?=.*…) आणि नको त्याला (?!.*…). सगळं मिळून:

^(?=.*(?:ब्याडगी|बेडगी|ब्यादगी))(?=.*मिरची)(?!.*(?:पूड|पावडर)).*$

आता सुरुवातीच्या त्या ^ कडे बघा. ‘ते असलं काय, नसलं काय’ असं सांगणारे खूप भेटतात. त्यांचं ऐकून मी एकदा एका दुकानाच्या यादीत पूड आणि अख्खी मिरची एकत्र केली होती आणि रात्री शेवटची कर्जत लोकल सुटेपर्यंत साठा जुळवत बसलो होतो.

घोळ असा होतो. लुकअहेड अक्षरं खात नाही. आहे त्या जागी उभा राहून पुढे डोकावतो, बस्स. ‘पूड ब्यादगी मिरची’ या ओळीत पहिल्या जागेवरून त्याला पूड दिसते आणि तो नाही म्हणतो. इथवर ठीक. पण ^ नसेल तर इंजिन हार मानत नाही, एक अक्षर पुढे सरकून पुन्हा विचारतं. ‘प’ मागे पडला की पुढे उरतं ‘ूड ब्यादगी मिरची’. यात ब्यादगी आहे, मिरची आहे आणि ‘पूड’ कुठेच नाही! ओळ पास. त्यातून ‘ब्यादगी मिरची पूड’ अशी ओळ मात्र बरोबर अडते, कारण तिथे पुढे सरकलं की ब्यादगीच हातची जाते. त्यामुळे चार ओळी तपासून नमुना ठीक वाटतो आणि चूक लपून राहते. ^ लावलं की विचारणा ओळीच्या सुरुवातीलाच होते, दुसरी संधी नाही.

दुसरा खड्डा खास आपल्या लिपीचा. वरच्या नमुन्यात ‘मिरचीचा मसाला’ही सापडतो. इंग्रजी लेख यावर बॅकस्लॅश-बी हे शब्दसीमेचं चिन्ह सुचवतात. मराठीत ते लावू नका. पायथनचं नेहमीचं रेगेक्स काना-मात्रा-वेलांटीला शब्दातलं अक्षर मानत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी शब्द ‘च’ आणि त्याच्या वेलांटीच्या मधेच संपतो. सीमा आपणच घालायची:

मिरची(?![ऀ-ॿ])

म्हणजे मिरचीनंतर देवनागरीतलं कुठलंही चिन्ह नको. ‘मिरच्या’ही हव्या असतील तर मिर(?:ची|च्या) करा आणि हीच शेपटी त्याला लावा.

चालवण्याआधी तपासायला जी पाच-सहा नावं घ्याल, त्यांत ‘पूड’ या शब्दाने सुरू होणारं एक असू द्या.