हरणांच्या हद्दीच्या खुणा कशा ओळखायच्या, कुठल्या सीझनला काय बघायचं

सकाळी लवकर पुण्याहून निघा, सोलापूर रोडने चौफुला, तिथून उजवीकडे सुपे, की आलंच मयूरेश्वर अभयारण्य. जेमतेम 5.14 चौरस किमीचं आहे. बहुतेक पब्लिक चिंकारा (इथलं छोटं हरण) दिसला, फोटो काढला की मिसळ खायला पळतं, पण खरा माल जमिनीवर असतो.

आधी लेंड्यांचे ढीग शोधा. चिंकारा हद्दीची खूण म्हणून पुन्हापुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो, त्यामुळे वर काळ्या चकचकीत आणि खाली वाळून करड्या पडलेल्या असा थर दिसला तर समजा जागा अजून वापरात आहे. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या वाटभर सांडलेल्या असतात, तिथे गफलत करू नका.

चिंकाराच्या माजाचा, म्हणजे नर-मादी जुळण्याचा, काळ साधारण मार्च-एप्रिल आणि पुन्हा ऑगस्ट ते ऑक्टोबरची सुरुवात, म्हणून एकच ढीग दोन्ही वेळा जाऊन बघा. उन्हाळ्यात जुन्या लेंड्या बरेच दिवस टिकतात, नुसता ढीग मोठा दिसला म्हणून खूश होऊ नका, रंग बघा. पावसाळ्यात उलट, सर येऊन गेल्यावर जुन्या लेंड्याही भिजून चकचकीत दिसतात, तेव्हा नुसत्या चकाकीवर जाऊ नका.

काळवीट बघायचं तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य. नराच्या डोळ्यापुढे एक खाच असते, तो ती उघडतो आणि काडीचं टोक अगदी अलगद आत घालतो, डोळ्यात काजळ घालावं तसं, मग काडीवर काळा चिकट ठिपका राहतो, तीच त्याच्या हद्दीची खूण. हे दुर्बिणीतूनच बघा बरं का. माजात नर जागा सोडून पळाला की शेजारचा टपलेलाच असतो, आपल्या फोटोपायी त्याची हद्द कशाला घालवायची? नजर बसेपर्यंत कात्रजच्या झूमध्ये प्रॅक्टिस करा, तिथे काळवीट आहेत, जाळीपाशी शांत उभं राहायचं, बस.

सांबराचं गणित वेगळं, त्याचा माज थंडीत, नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास. भीमाशंकरला तेव्हा शिंगं घासून साल निघालेली झाडं आणि चिखलात लोळल्याच्या जागा बघा.

फोटो काढताना शेजारी पेन ठेवा म्हणजे साइज कळते, फाइलला तारीख आणि जागेचं नाव द्या. लेंड्या घरी आणू नका, अभयारण्यातून काहीही उचलायला परवानगी लागते.