तेलशुद्धीकरण प्रकल्प: आधी पाणी आणि तेल, मग भांडवल

विकसनशील देशाने राष्ट्रीय तेलशुद्धीकरण प्रकल्प आखताना प्रथम कच्चे तेल कोठून, कोणत्या प्रतीचे आणि किती वर्षे मिळणार, हे करारानिशी निश्चित करावे. क्षमता त्यानंतर ठरवावी. युगांडाने दिवसाला ६०,००० बॅरल एवढीच क्षमता योजली आहे, आणि मला तो संयम योग्य वाटतो.

जागा निवडताना पाण्याचा हिशेब दुष्काळी वर्षाचा धरावा, कारण वाफ आणि शीतकरण यांसाठी ते अखंड लागते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे पाहिलेल्या आम्हा मराठवाड्यातील लोकांना ही अट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

भांडवलाची मांडणी राजस्थानातील बाडमेर प्रकल्पावरून समजते: हिंदुस्थान पेट्रोलियमचा वाटा ७४ टक्के, राज्य सरकारचा २६ टक्के, आणि कर्ज व भागभांडवल यांचे प्रमाण २:१. सभासदांचे भाग, सरकारी भांडवल आणि कर्ज यांवर उभा राहिलेला आपला सहकारी साखर कारखाना आठवावा. मात्र बाडमेरचा ४३,१२९ कोटींचा अंदाज पुढे ७२,९३७ कोटींवर गेला. म्हणून वाढीव खर्च कोण सोसणार, हे कर्जकरारापूर्वीच लिहून घ्यावे. कर्ज डॉलरमध्ये आणि विक्री स्थानिक चलनात असेल, तर चलन घसरताच हप्ता जड होतो, तेव्हा परतफेडीचे गणित घसरलेला दर धरूनच करावे.