नारिंगी डोक्याचा कस्तुर बघायचाय? मग पातेऱ्याजवळ बसा

कस्तुर शोधायला रानभर फिरू नका, फिरून तो दिसत नाही. जमिनीवर वावरणारा लाजाळू पक्षी, चाहूल लागली की उडायच्या आधी जागीच थिजतो आणि आपण त्याच्या समोरून निघून जातो. म्हणून चालणं कमी, बसणं जास्त.

जागा अशी हवी की वर दाट सावली, खाली पातेऱ्याचा, म्हणजे गळून पडलेल्या सुक्या पानांचा, जाड थर आणि जवळ ओल. कोकणात त्यासाठी लांब जायला लागत नाही, देवराई, पऱ्ह्याचा काठ, शिंपणाचा पाट जातो ती पोफळीची वाडी, काहीही चालेल, अभयारण्यच हवं तर फणसाड नाहीतर कर्नाळा. उजाडायच्या आत जाऊन गडग्याला पाठ टेकून बसा, कपडे मळखाऊ रंगाचे, फोन सायलेंट, दुर्बीण आधीच गळ्यात.

आता कान द्या. सापसुरळी सरसर निघून जाते, सातभाई कलकलाट करत घोळक्याने येतात, कस्तुराची खसखस मात्र तुटक असते. चोचीने एक पान उचललं, बाजूला फेकलं, थांबला, ताठ उभा राहून बघितलं, दोन उड्या, परत पान. असं ऐकू आलं की मान न वळवता फक्त डोळे फिरवा.

डोकं-पोट नारिंगी, नराची पाठ निळसर राखाडी, खांद्यावर पांढरा पट्टा, गळा पांढरा आणि डोळ्याखाली गालावर दोन उभे काळपट पट्टे. मादीची पाठ जरा तपकिरी. गालावर पट्टेच नसतील तर तो बहुतेक थंडीपुरता हिमालयातून उतरलेला, फोटो नक्की काढा.

केनिया सफारीला जाणाऱ्यांनी तर ही सवय इथेच लावून घ्या, कारण माउंट केनियाच्या ओलसर जंगलात याच्याच जिओकिचला गटातला अॅबिसिनियन ग्राउंड थ्रश असतो, तोही असाच सावलीत जमिनीवर खाणं शोधतो. तांबूस नारिंगी डोकं-छाती, पंखावर पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी, डोळ्याभोवती पूर्ण पांढरं कडं. हे कडं नीट बघा, कारण ऑरेंज ग्राउंड थ्रश पण तिथेच आहे, दिसायला जवळजवळ तसाच, पण त्याचं कडं तुटलेलं असतं.

मोबाईलवर आवाज लावून बोलवायचं नाही, कुठेच नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर अजिबात नाही, तेव्हा घरटी असतात आणि नराला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, मग तो सगळं सोडून त्यालाच शोधत बसतो.

तुमच्याच वाडीत यायला हवा असेल तर सगळा पातेरा गोळा करून जाळू नका हो, त्याखालची गांडुळं, किडे, गोगलगायी हेच त्याचं जेवण आहे. आंब्याच्या आळ्यात पसरून टाका, ओल टिकते, झाडालाही बरं. तिथेच सावलीत एक पसरट भांडं पाणी भरून ठेवा, उन्हाळ्यात आंघोळीला येईल. घरात मांजर असेल तर भांडं झुडपाला चिकटून नको, चार हात मोकळी जागा सोडा म्हणजे तिला दबा धरता येणार नाही.