केमिस्ट्री रिपोर्टमधले संदर्भ: एसीएस पद्धत

गोदावरीच्या पाण्याचा हार्डनेस मोजून नाशिकची एमएस्सीची मुलं रिपोर्टला बसतात, आणि टायट्रेशनपेक्षा संदर्भच जास्त छळतात.

एसीएस म्हणजे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पद्धतीत जर्नलच्या नोंदीचा क्रम असा: आडनाव, आद्याक्षरं (दोन लेखकांमध्ये अर्धविराम), लेखाचं शीर्षक, जर्नलचं संक्षिप्त नाव तिरकं, वर्ष ठळक, खंड तिरका, पानं साधी, शेवटी डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक). संक्षेप मनाने करू नका, ‘कॅसी’ (CASSI) या जर्नलच्या संक्षेपांच्या ऑनलाइन सूचीत शोधा. ‘नेचर’सारखं एकशब्दी नाव मात्र अख्खंच राहतं.

मजकुरात संदर्भाचा क्रमांक वर चढवून, पूर्णविरामानंतर. इथेच फसगत होते: ‘५ सेमी’ला संदर्भाचा ३ चिकटला की वाचणारा घनसेंटीमीटर समजतो. वाक्य फिरवा, क्रमांक शब्दाला लावा.

एकदा दिलेला क्रमांक त्या संदर्भाचा कायमचा. पुन्हा आला तरी तोच. मधे नवा घुसवला की हाताने घातलेले सगळे आकडे सरकतात, म्हणून संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर बरं. त्याच्यावरही डोळे मिटून विसंबू नका. शीर्षकातल्या सूत्राचे आकडे पुष्कळदा खाली उतरलेले नसतात.

हार्डनेसची २०० मिग्रॅ प्रतिलिटर ही स्वीकार्य मर्यादा लिहिताना आयएस १०५००:२०१२ हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानकच द्या, कुठल्या क्लासच्या नोट्स नव्हेत.