लेझीम शिकवायला घेताय? आधी हलगीवाला गाठा

डाव्या हातात दांडा, उजव्यात साखळीची मूठ, हे सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल. गणपतीची नाहीतर शिवजयंतीची मिरवणूक पाहिली नाही असा माणूस इथं सापडायचा नाही. त्यामुळे ते सोडतो. बघणं वेगळं आणि आयुष्यात कधी नाचलेलं नाही अशा तीस जणांना ओळीत उभं करणं वेगळं, एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.

सगळ्यात मोठा घोळ मोजणीचा. चौ-आवाज, म्हणजे चार मोजणीचा सुरुवातीचा प्रकार, शिकवताना आपण "एक, दोन, तीन, चार" ओरडतो, पोरं पाय टाकतात, सगळं झकास बसतं. बसतंय ते आपल्या आवाजावर, हे तेव्हा लक्षात येत नाही. मिरवणुकीत हलगी कडाडली की तिसऱ्या ओळीला आपला आवाज पोचत नाही. मोजणी गेली की पाय गेले. बाळीवेशीच्या वळणावर माझ्या पथकाची पुढची ओळ खाली वाकली होती, मागची अजून कपाळाशी लेझीम धरून एकमेकांकडे बघत होती, आणि कडेची माणसं हसत होती. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

मोबाईलवर ठेका लावून सराव घेतला तरी तेच होतं. मोबाईलचा ठेका शेवटपर्यंत एकसारखा. हलगीवाला माणूस आहे, गर्दीतून शिट्टी आली की तो रंगात येतो आणि लय चढते. म्हणून पहिल्या आठवड्यापासून त्याला बोलवा, त्याचे पैसे द्या, फुकटात मागू नका. सुरुवातीला लेझीम हातात देऊच नका. छनछनाटात कोण चुकतंय ते कळत नाही. नुसत्या टाळ्या आणि पाय. कान हलगीच्या जाड काठीकडे ठेवायला सांगा. बारीक काडीची तडतड ऐकत बसलं की नवखा गोंधळतो. पाय आपोआप पडायला लागले की मग लेझीम.

प्रकार बदलायची खूण म्हणून आपण मारतो त्या शिट्टीचंही तसंच. प्रकार बदलायचा त्याच ठोक्यावर शिट्टी मारली तर उशीर झालेला असतो. एक फेरी आधी मारा.

व्हिडिओ पाहून बसवलेली पथकं मला ओळखू येतात. हात सुरेख, पाय बेवारस. आणि वस्ताद निवडताना ओळीपुढे उभा राहून शिव्या घालणारा नको. ओळीच्या मागून पाय बघत फिरणारा धरा, मग तो कितीही कमी बोलो. आपल्याकडे एका ओळीत मराठी, तेलुगू, कन्नड घरातली पोरं असतात, फार बोलणारा तसाही कामाचा नाही.

ज्याला अजिबात लय नाही असं वाटतं त्याला काढून टाकू नका. त्याला मधल्या ओळीत, दोन पक्क्या माणसांच्या मध्ये उभा करा. शेजारच्याचा खांदा हलला की त्याचा हलतो. टोकाला ठेवलात तर मात्र तुमचं काही खरं नाही, वळताना अख्खी ओळ घेऊन तो भरकटेल.

गणपतीचा सराव ऐन पावसाळ्यात येतो. कातडं सैल पडून हलगी बद्द वाजायला लागते, मग कागद पेटवून ती शेकावी लागते. तेवढ्यात पोरं चहाला पांगतात. पांगू द्या, फक्त परत आल्यावर जिथं सोडलं तिथून नको, चौ-आवाजापासून घ्या.