अपडेटनंतर शेअर केलेला प्रिंटर छापत नसेल तर

विंडोजचं महिन्याचं अपडेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाला सुटतं. नागपुरात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून गडबड कळते ती बुधवारी, दुकान उघडल्यावर. प्रिंटर काउंटरच्या पीसीवरून नीट छापतो, पण आतल्या पीसीवरून बिल निघत नाही. इतवारी, गांधीबागेत दोन पीसी आणि मधे एक प्रिंटर ही मांडणी दुकानोदुकानी दिसते. लगेच मशीन उचलून सीताबर्डीला फॉरमॅट मारायला नेऊ नका. फॉरमॅटनंतर तीच अपडेट्स पुन्हा येतात आणि प्रिंटर पुन्हा अडतो.

आधी एररचा कोड वाचा. शून्यांच्या रांगेनंतर शेवटी ‘११बी’ असेल, तर भानगड प्रिंट स्पूलरमधल्या, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या भागातल्या, एका सुरक्षेच्या फटीची आहे. तिची दुरुस्ती जानेवारी २०२१ मध्ये आली आणि १४ सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ती सक्तीची झाली. प्रिंटर ज्या पीसीला जोडलाय, तो तेव्हापासून एन्क्रिप्शनशिवाय आलेलं काम घेतच नाही. म्हणून दोन्ही पीसी आधी ताज्या अपडेटवर आणा. पण एकावर विंडोज ७ असेल तर तो मार्ग बंदच, आणि विंडोज १० ची नेहमीची अपडेट्सही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, एक आकडा शून्य करायचा उपाय सर्रास सांगतात. त्याने काम होतं, पण बुजवलेली फट आपल्याच हाताने पुन्हा उघडते.

त्यापेक्षा हे करा. काउंटरच्या पीसीवर प्रिंटरच्या शेअरिंग टॅबमध्ये शेअरचं नाव छोटं आणि मधे जागा न सोडता ठेवा. तिथेच पासवर्ड असलेलं एक साधं यूजर खातं बनवा. मग आतल्या पीसीवर ‘रन’ उघडा, दोन बॅकस्लॅश आणि काउंटरच्या पीसीचं नाव टाइप करा, त्या खात्याने लॉगिन करा आणि ‘रिमेंबर’वर टिक करा. ही पायरी गाळली की पुढे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं.

आता अ‍ॅड प्रिंटरमध्ये ‘हवा तो प्रिंटर यादीत नाही’ हा पर्याय घ्या, पुढे मॅन्युअल सेटिंगचा लोकल प्रिंटर, मग ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’ आणि प्रकार ‘लोकल पोर्ट’. पोर्टचं नाव \\काउंटर\बिल या धर्तीवर, म्हणजे आधी पीसीचं नाव, मग शेअरचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. शेवटी त्याच मॉडेलचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, निवडा. ड्रायव्हर इथलाच वापरला जात असल्याने एक पीसी ३२ बिट आणि दुसरा ६४ बिट असला तरी अडत नाही.

कोड ११बी नसेल, पण आतला पीसी नुकताच विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीवर गेला असेल, तर वेगळं कारण तपासा. प्रो आवृत्तीत आता पासवर्डशिवायचं गेस्ट शेअरिंग चालत नाही. वरचं पासवर्डवालं खातं यावरही लागू पडतं.

अपडेटचं रीस्टार्ट दुकान बंद करताना लावू नका. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला अर्धा तासही लागतो. काउंटरखालचा छोटा यूपीएस तेवढा वेळ तग धरेलच असं नाही. महावितरणची देखभालीची वीजबंदी आहे का, ते आदल्या दिवशी बघा. नसेल जमत तर सेटिंग्जमधून अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतं. ‘अनडूइंग चेंजेस’ दिसलं तर बटणाला हात लावू नका, मशीन स्वतःच मागे जातंय.

सुरूच होत नसेल, तर दोन-तीन फसलेल्या सुरुवातींनंतर निळा रिकव्हरी पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स आणि त्यातलं ताजं ‘क्वालिटी अपडेट’. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीत, केबी ५०६६८३५ या क्रमांकाच्या अपडेटने नेमका हाच पडदा निकामी केला होता: तिथे यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनात. २० ऑक्टोबरला आलेल्या केबी ५०७०७७३ ने ते सुधारलं. ते अजून न घेतलेलं मशीन अडकलंच, तर गोल पिनेचा जुना पीएस-टू कीबोर्ड कामी येतो. मदरबोर्डवर तो पोर्ट हवा, आणि कीबोर्ड पीसी बंद असतानाच लावा. चालू मशीनला लावला तर बहुधा ओळखत नाही.